शनवारचं लोखंड

आभाळातला आवाज ऐकनारी ती थोरली तबकडी आमच्या नगरच्या माळावर मी उभारली. म्हंजी मी मुकादम हुतो. उचलायचं गड्यांनी, वरडायचं मी.

काल सुनंनं फाटकाला तांबडा रंग लावला अन् त्या वासासरशी मी पन्नास वर्सं मागं गेलो. तसल्याच रंगाचं लोखंड ट्रकभर आलं हुतं, अन् नेमका शनवार. क्रेन सांजच्याला परत जानार, मंग महिनाभर काम बंद. तरी मी आडवा आलो. "शनवारी लोखंड उतरवायचं न्हाई! शनिदेव कोपंल." सायबानं हात जोडले. तवा लई रुबाब वाटला.

तेवढ्यात डोक्यावर खडीची पाटी घिऊन कामावरची पारूमावशी आली. "मुकादम, सकाळधरनं ज्या पहारीवर रेलून उभा हायेस, ती काय बाभळीची हाय?"