पदरानं पुसलेला कॅमेरा

आजवर मी पदरानं पुसून एकच वस्तू बिघडवली, आणि ती नेमकी घरातली सगळ्यात महाग वस्तू निघाली.

वस्तू म्हणजे आमच्या सुनेचा कॅमेरा. सून वर्षा माझ्याच भावाची लेक, म्हणून मला अजून आत्याच म्हणते. ती लग्नाचे फोटो काढते. त्या आठवड्यात प्रत्येक फोटोत एक काळा ठिपका यायला लागला. आभाळात ठिपका, भिंतीवर ठिपका, नवरदेवाच्या कपाळावरही तोच. कॅमेऱ्याच्या पोटात सेन्सर नावाची एक काच असते, तिच्यावर धूळ बसलीय म्हणाली. रविवारी कन्नड गावी तिचं पहिलं मोठं लग्न होतं. तिथं ठिपका आला तर पुढं कोण बोलावणार?

तर ती काच साफ करायचं किट घ्यायचं होतं. आमची सूनबाई दोन दिवस मोबाइलमध्ये डोकं घालून बसली. एका किटमध्ये हवा मारायचा रबरी फुगा, दुसऱ्यात औषधाची बाटली आणि चपट्या काड्या. नुसती धूळ असली तर फुगा पुरे, उगीच ओली काडी कशाला फिरवा, असं तिचं चाललं होतं. एवढ्या वेळात मी अख्ख्या घराच्या खिडक्या पुसल्या असत्या. (पुसल्या नाहीत, ते वेगळं.)

"काचच पुसायचीय ना?" मी विचारलं.

"आत्या, तुम्ही हात लावू नका."

हात लावू नका म्हटलं की माझा हात शिवशिवतो.

शुक्रवारी दुपारी ती लेन्स काढून धूळ बघत बसली होती. तेवढ्यात फोन आला, आणि कॅमेरा तसाच ठेवून ती बोलत बोलत गच्चीवर गेली. कूलर घुमत होता. पडद्यातून उन्हाची तिरीप आली ती थेट त्या काचेवर. काय सांगू! पारव्याच्या गळ्यावरचे रंग होते ते. जांभळा, हिरवा, मधेच सोनेरी. मी मान हलवली की तेही हलायचे. आणि खाली, लई खोल, एक पोरगी माझ्याकडं बघत होती. माझ्या लग्नाचा एकही फोटो नाही. वाटलं, तो इथंच राहिला होता की काय. किती वेळ बघत बसले कोण जाणे. मग पोरगी धुरकट दिसायला लागली, म्हणून चष्म्याला करते तसं 'हाऽ' केलं आणि पदर फिरवला. पदर डोक्यावरचा. डोकं सकाळीच खोबरेल तेलानं चोपडलेलं.

संध्याकाळी फोटोतला ठिपका गेला होता. त्याच्यासोबत भिंत, खिडकी आणि समोर उभा केलेला माझा मुलगाही गेला होता. सगळं धुक्यात.

स्वप्नात असल्यासारखं दिसतंय, असं मी म्हणून बघितलं. वर्षाच्या डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा मुकाट्यानं कबूल केलं.

शनिवारी आम्ही दोघी औरंगपुऱ्यातल्या कॅमेऱ्याच्या एका दुकानात गेलो. दुकानदारानं भिंगातून बघितलं.

"ये धूल नाही, ताई. तेल आहे. फुग्यानं काय होणार नाही, ओल्या काड्यांचंच किट घ्या."

त्यानं एक काडी भिजवून एकदाच, एकाच बाजूला फिरवली. मग दुसरी. तिसऱ्या काडीनंतर फोटो काढला तर समोरची भिंत जशीच्या तशी, ठिपकासुद्धा नाही. वर्षा तिथल्या स्टुलावर मटकन बसली. कन्नडचं लग्न वाचलं.

किट पिशवीत घालता घालता त्यानं विचारलं, एवढ्या आत तेल लावलं तरी कुणी?

माझ्याकडं न बघता वर्षा म्हणाली, "घरात एक लेकरू हाय. ऐकतच नाय."

"कितना बडा है?" त्यानं मायेनं विचारलं.

ती अडली, म्हणून मीच सांगितलं, "त्र्याहत्तर पुरे झाले."