संचालक दादासाहेबांचा परतावा

जांब्याच्या दादासाहेब ढमाल्यांना पैशाची ददात नव्हती. भाताची खाचरं बिल्डरला गेली आणि उरलेल्यातल्या काही गुंठ्यांवर त्यांनी आयटीतल्या पोरांसाठी खोल्यांच्या रांगा बांधल्या. पोरगं खोली सोडायला लागलं की रंगकाम, नळ, भिंतीतला खिळा असं करत ते डिपॉझिट असं कापत, की ते पुरं परत नेलेला भाडेकरू गावात अजून कुणी पाहिलेला नाही. दुःख एकच होतं. फ्लेक्सवर चुलतभाऊ विश्रामच्या फोटोखाली 'सरपंच' असायचं आणि यांच्या फोटोखाली नुसतं 'शुभेच्छुक'. गळ्यात एवढं सोनं घालून शुभेच्छुक! ते त्यांच्या जिव्हारी लागायचं.

अशात धरणाकाठी रिसॉर्ट काढणारी 'सह्यसुख' नावाची कंपनी गावात आली. ठेव ठेवा, दरवर्षी फुकट राहा, मुदत संपली की पैसे परत. लोकांनी पावत्या घेतल्या. दादासाहेबांच्या मंडळी सारजाबाई यांनीही भाडेकरूंचे डबे करून साठवलेले पैसे नवऱ्याच्या हाती दिले आणि पावती हातात पडेपर्यंत हटून बसल्या. दादासाहेबांना हसू आवरेना.

"पावती घ्याया मी काय भाडेकरू हाय व्हय?"

खोल्या सोडून राहिलेली शेवटची जमीन विकून ते पैसे त्यांनी कंपनीत घातले आणि बदल्यात शेअर घेतले, वर संचालकपद घेतलं. लगोलग चौकात फ्लेक्स लागला. फोटोखाली 'संचालक', अक्षर विश्रामपेक्षा मोठं.

रिसॉर्टचा पायासुद्धा खणला गेला नाही. मोठे साहेब फोन उचलेनासे झाले, कंपनी बुडाली आणि ती मोडीत काढायचा हुकूम निघाला. ज्यांचे पैसे अडकले त्यांनी पुण्याच्या कचेरीत अर्ज करावा, असं पेपरात आलं. दादासाहेब कडक इस्त्रीचे कपडे घालून, बायकोला गाडीत बसवून निघाले.

कचेरीत गौतमी नावाची तरुण वकीलबाई होती. तिने कागद चाळले.

"काका, तुमचा अर्ज ठेवीदारांत बसत नाही. तुम्ही कंपनीचे एक मालक आहात. आधी कामगार, बँक, ठेवीदार. सगळ्यांचं देऊन काही उरलं, तर तुम्हाला."

"उरंल का काय?"

"नाही."

"अवो, पर आमी कुटं कारभार केलाय? त्यांनी कागद म्होरं केला, आमी सही केली. पद निस्तं फ्लेक्सपुरतं व्हतं!"

"फ्लेक्सपुरतं पद कायद्यात नसतं, काका."

दादासाहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. एका शब्दाच्या हौसेपायी शेवटची जमीन पाण्यात गेली होती. चांगली जिरली म्हणावं, तर त्यांचा उतरलेला चेहरा बघवत नव्हता.

गौतमी सारजाबाईंकडे वळली. "मावशी, तुमची पावती पक्की आहे. थोडंफार तरी मिळेल. पैसे कुणाच्या हाती दिलेत, त्यांचं नाव सांगा. वसुलीची नोटीस त्यांनाही जाईल."

दादासाहेब खाकरले. "मोठ्या सायबाकडं दिलं म्हण की."

आजवर सारजाबाईंनी नवऱ्याचं नाव घेतलं होतं ते उखाण्यातच, तेही बायकांनी दार अडवल्यावर लाजत लाजत. एरवी 'आमचे हे', नाहीतर 'अवो'.

त्यांनी पदर सावरला.

"लिवा बाई," त्या म्हणाल्या, "दादासाहेब कोंडिबा ढमाले. हे काय, हितंच बसल्यात."