बाई, परत वाचा

नाना गेल्याचा फोन आला तेव्हा मी जळगावच्या शाळेत नववीचे पेपर तपासत होते. फोनवर प्रमोद होता, नानांचा मुलगा. "मावशी, नाना गेले," एवढंच म्हणाला. जागेवर येऊन पुढचा पेपर ओढला, तर एक ओळ डोक्यात शिरेना. महिना होत आला, अजून तेच चाललंय. पेन उचलते, ठेवते, उठून उगाच खिडकीशी जाते... नाना असते तर झापलं असतं त्यांनी. "मन थाऱ्यावर नसेल तर मार्क देऊ नका बाई. पोरांचा काय दोष?"

चोपड्याच्या शाळेत मी नवी होते तेव्हा नाना शास्त्र शिकवून मुरलेले. आम्ही बाकीचे मागच्या वर्षीचं पाठ टाचण तारीख बदलून उतरवायचो, साहेब तपासायला आले की पुढे करायचो. नाना दरवेळी नवं लिहायचे आणि सुरुवात शेवटच्या बाकापासून करायचे. तिथं केळीच्या बागांत कामाला जाणारी पोरं बसत, पाड्यावरून चालत येणाऱ्या मुली बसत. ही पोरं कुठं अडतील ते आधी, मग धडा. "पहिल्या बाकाचं आपल्यावाचून काही अडत नाही," म्हणायचे. उत्तर घरच्या बोलीत आलं तरी मार्क कापायचे नाहीत. लेखी परीक्षेत जे नापास होत, त्यांना बोलावून तोंडी विचारायचे. हेडमास्तर कुरकुरायचे, पण नानांच्या नादी कोण लागणार!

पेपर तपासायची त्यांची तऱ्हा तर जगावेगळी. संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर मी बसायचे आणि नाव न घेता पोरांची उत्तरं मोठ्यानं वाचायचे. नाना भिंतीकडे तोंड करून ऐकायचे आणि मार्क सांगायचे. मी शेजारीच राहायचे, म्हणून हे काम माझ्या गळ्यात पडलेलं. "केळीच्या चिकाचे डाग पडलेला पेपर दिसला की माझा हात आखडतो आणि अक्षर सुरेख असलं की सैल सुटतो. मी बघितलंय मला," ते म्हणायचे. पोरगं नापास होतंय असं दिसलं की ठरलेलं वाक्य यायचं, "बाई, परत वाचा." मी वैतागायचे. घरी माझी चूल खोळंबलेली आणि इथं नापासाचं पारायण. पण वाचायचे. परत वाचताना खरंच कधीकधी एखादं बरोबर उत्तर सापडायचं, आणि मग मला माझाच राग यायचा.

प्रमोद नववीत होता त्या वर्षीची गोष्ट. वार्षिक परीक्षेचे पेपर वाचता वाचता त्याचा पेपर माझ्या हातात आला. अक्षर मी ओळखलं. दोन-तीन उत्तरं धड, बाकी पानं कोरी. आवाज सपाट ठेवून वाचत गेले. बाष्पीभवनाचा प्रश्न आला. पोरानं लिहिलं होतं, 'आमच्या ओट्यावरचा रांजण जुना झाला आहे. त्याची छिद्रे बुजली आहेत. तो बाहेरून ओला होत नाही, म्हणून पाणी गार होत नाही. घरात हे कोणाच्या लक्षात आलेले नाही.' रांजण आमच्या शेजारीच होता. नाना उठले. रांजणातून तांब्याभर पाणी घेतलं, उभ्या उभ्या प्याले, परत भिंतीकडे तोंड करून बसले. "या प्रश्नाला पूर्ण मार्क," म्हणाले. मग जरा थांबून, "बाई, परत वाचा." मी सगळा पेपर परत वाचला. कोरी पानं परत वाचून थोडीच भरणार! नापास.

बाकीच्या नापासांना तोंडी परीक्षेला बोलावणं गेलं. प्रमोदला नाही. मी नानांना गाठलं आणि भांडले. ते म्हणाले, "त्या पोरांच्या घरी सांगणारं कोणी नाही. याच्या घरी मी आहे."

"आहात कुठं?" मी म्हटलं. "संध्याकाळभर ओट्यावर दुसऱ्यांची पोरं. याला कधी जवळ बसवलंत?"

आतून अक्का, त्यांच्या पत्नी, तडकल्या, "तुम्हले बठ्ठास्ना पोरे दिखतस, आपला पोऱ्या तेवढा नही दिखत." सगळ्यांची पोरं दिसतात, आपलं तेवढं दिसत नाही! तरी नानांनी प्रमोदला बोलावलं नाही. पोराचं वर्ष गेलं. बाप-लेकाचं बोलणं तेव्हापासून कामापुरतंच उरलं. आणि मी? मला आजही ठरवता येत नाही. त्यांचा नियम मला पटतो आणि त्या पोराचं तोंड आठवलं की पटत नाही. न्याय करणाऱ्या माणसाच्या घरच्यांनीच का म्हणून उपाशी राहायचं? हे त्यांना एकदा तरी स्पष्ट विचारायचं होतं. राहूनच गेलं.

तेराव्याला चोपड्याला गेले. प्रमोद आता धुळ्याला शिक्षक आहे. माणसं पांगल्यावर तो ओट्यावर येऊन बसला. रांजण तिथंच होता. अक्कांनी पुढं नवा माठ आणला, पण नानांनी हा हलवू दिला नव्हता. स्वतः यातलंच कोमट पाणी प्यायचे म्हणे, अगदी वैशाखातसुद्धा.

"मावशी," प्रमोद म्हणाला, "माझा पेपर तुम्हीच वाचला होता ना? नानांना कळलं होतं का, तो माझा होता ते?"

मी सांगितलं. ते उठले, या रांजणातलं पाणी प्याले, त्या उत्तराला पूर्ण मार्क दिले, मग सगळा पेपर परत वाचायला लावला.

त्यानं रांजणाच्या कोरड्या अंगावरून हात फिरवला. "ते उत्तर मी त्यांनी ओळखावं म्हणूनच लिहिलं होतं," म्हणाला. "इतकी वर्षं वाटायचं, त्यांनी ऐकलंच नाही."

त्यानं डोळे पुसले आणि भिंतीकडे तोंड फिरवून बसला, अगदी नाना बसायचे तसा.

"मावशी, परत सांगा," तो म्हणाला.

मी परत सांगितलं.