दुसरी वाटी

मी आर्मीतून हवालदार म्हणून रिटायर झालो. काम सिग्नलचं, म्हणजे वायरलेस सेट सांभाळायचा. आता धुळ्याला देवपुरात असतो. लोक विचारतात, "किती जण मारले?" खरं सांगितलं की त्यांचं तोंड उतरतं. आमची सगळ्यात कठीण पोस्टिंग झाली तिथे बंदूक साफ करण्यापलीकडे तिचं फारसं काम पडलं नाही. तिथे फावडं चालायचं.

पोस्ट उत्तरेकडची, उंचावरची. नाव सांगायचं नसतं, सांगत नाही. आम्ही बारा जण. सकाळी स्टँड-टू, म्हणजे हत्यार घेऊन मोर्चावर उभं राहायचं, मग बर्फ काढायचा, बर्फ वितळवून पाणी करायचं, चहा प्यायचा आणि पुन्हा बर्फ काढायचा, कारण तोवर तो परत साचलेला असायचा. संध्याकाळी सगळे बुखारीभोवती, म्हणजे रॉकेलच्या शेगडीभोवती. पहिला महिना गप्पा चालल्या. मग प्रत्येकाच्या गोष्टी सगळ्यांना पाठ झाल्या आणि माणसं गप्प झाली. एकदा दोन जवान एका चमच्यावरून हातघाईवर आले.

पोस्ट कमांडर सुभेदार साळवी, कोकणातले. चमच्याचं प्रकरण झालं त्या संध्याकाळी त्यांनी रोल कॉलनंतर ऑर्डर दिली.

"उद्यापासून रोज एक जण आपली एक आवड सांगेल. घरची काळजी नको, सुट्टीचं रडगाणं नको. आवड. छोटीशी. समजलं?"

"समजलं, साहेब."

मला मनातून हा बालवाडीचा प्रकार वाटला. पण साहेबांनी सुरुवात स्वतःपासून केली. त्यांना भाताच्या पातेल्याच्या बुडाची खरवड आवडायची आणि घरी मागायची लाज वाटायची. दुसऱ्या दिवसापासून लंगरातली, म्हणजे आमच्या स्वयंपाकघरातली, खरवड साहेबांची झाली. आमचा कुक शिंदे साताऱ्याकडचा. त्याला म्हणे बटणं लावायला आवडायचं. मग काय, ज्याची बटणं धड होती तोही शर्ट घेऊन त्याच्यामागे लागला. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणालो, मला रेडिओवर हवामान ऐकायला आवडतं, ज्या गावांना मी कधी जाणार नाही त्या गावांचंसुद्धा. साहेब म्हणाले, "बाहेर डोकं काढ, कळेल हवामान." सगळे हसले. बऱ्याच दिवसांनी हसले.

नाईक भटू धरणगावजवळच्या एका खेड्यातला. त्या पोस्टवर खान्देशी आम्ही दोघेच, त्यामुळे आपसात अहिराणी. बाकीचे म्हणायचे, ही काय गुजराती बोलता का रे. भटू उंच, हाडकुळा, कामाला वाघ आणि बोलायला कंजूष. त्याच्या पाळीला तो एवढंच म्हणाला, "डब्यातला अननस."

राशनमध्ये अननसाचे डबे यायचे. थंडीत त्यांचा दगड व्हायचा. भटू डबा बुखारीजवळ ठेवायचा आणि पुरता वितळायच्या आत उघडायचा. दाताखाली बर्फ करकरला पाहिजे, असं त्याचं म्हणणं.

"आंब्याच्या मुलखातला माणूस तू," साहेब म्हणाले, "आणि डबा खातोस? लाज बाळग."

भटू नुसता हसला. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं हेलिपॅडचा बर्फ काढत होतो. त्याने फावडं रोवलं आणि म्हणाला, "भाऊ, एक सांगू? माले आंबाना रस आवडत नही."

खान्देशातल्या माणसाला अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, रस नको, हे म्हणजे सोनाराला सोनं नको म्हटल्यासारखं.

"मंग घरी काय करस?"

"दम धरस आनि एक दममा वाटी पी टाकस. मायले वाटस, पोऱ्याले भलताच आवडना. ती लगेच दुसरी वाटी वाढस."

"मंग?"

"मंग ती बी पी टाकस."

मी इतका हसलो की बर्फात बसलो. तो मात्र गंभीर होता. म्हणाला, माय पहाटे उठून आंबे भिजत घालते, एकेक हाताने पिळते, तिला कसं सांगू. आणि मग म्हणाला, "मायले सांगू नको, भाऊ." मी म्हणालो, नाही सांगणार. हसण्यावारी दिलेला शब्द, पण शब्दच.

फेब्रुवारीत शिंदे आजारी पडला. छातीत पाणी झालं. त्या उंचीवर हे झालं की माणसाला तातडीने खाली न्यावं लागतं, दुसरा इलाज नाही. ढग होते, हेलिकॉप्टर आमच्यापर्यंत येईना. खालच्या पोस्टपर्यंत येऊ शकत होतं. साहेबांनी चार जणांची पार्टी काढली. शिंदेला स्लेजवर बांधलं. वाट भटूला सगळ्यात चांगली माहीत, म्हणून तो पुढे. निघताना त्याने माझ्याकडे बघून हात वर केला, बस.

मी सेटवर होतो. आमची पोस्ट अल्फा, पार्टी रोमिओ.

"रोमिओ, मी अल्फा. पोझिशन सांगा. ओव्हर."

"अल्फा, मी रोमिओ. नाल्यापाशी पोचलो. पेशंट ठीक. ओव्हर."

त्यानंतर नुसती खरखर. मी बोलावत राहिलो. साहेब मागे येऊन उभे राहिले.

"अल्फा, मी रोमिओ. वरून बर्फ आला. पेशंट आमच्याजवळ आहे. भटू दिसत नाही. ओव्हर."

"रिपीट."

"भटू दिसत नाही."

नाला पार करण्याआधी तो दोर सोडून एकटा पुढे गेला होता, काठीने बर्फ चाचपायला. स्लेजचं वजन पेलेल की नाही ते बघत होता. साहेबांनी माईक माझ्या हातातून घेतला आणि पार्टीला पेशंट खाली न्यायची ऑर्डर दिली. ती ऑर्डर बरोबर होती. शिंदे वाचला. आज त्याचं साताऱ्याकडे टेलरिंगचं दुकान आहे. भटू दुसऱ्या दिवशी दुपारी सापडला.

त्याच्यासोबत त्याच्या गावी मला पाठवलं, भाषा कळते म्हणून. तिरंगा, सलामी, मंडप, भाषणं. भटूच्या शौर्याबद्दल ज्यांनी भाषणं केली त्यातल्या एकानेही त्याला कधी पाहिलं नव्हतं. त्याची आई एका कोपऱ्यात बसून होती. वडील आधीच गेलेले. सगळं गाव तिला अक्का म्हणतं, मीही तेच म्हणतो. मी निघालो तेव्हा तिने माझी बाही धरली.

"भाऊ, तठे त्याले चहा मिये का?"

मी म्हणालो, मिळायचा अक्का, रोज. हातावर साखर घ्यायचा आणि वरून कोरा चहा प्यायचा. तिने मान डोलावली. एवढ्या दिवसांत कुणी तिला उपयोगाचं काही सांगितलं असेल तर ते एवढंच, असं मला तिच्याकडे बघून वाटलं.

तेव्हापासून मी दर अखाजीला जातो. आमच्याकडे त्या दिवशी पितरांची घागर भरतात. पाण्याने भरलेली मातीची घागर, वर डांगर म्हणजे खरबूज, आंबे, आणि समोर पुरणपोळी-रसाचं ताट. धुळ्याहून एस.टी.ने अमळनेर, तिथून धरणगाव, पुढे रिक्षा. अक्का दारातच विचारते, "आज काय नवं सांगस, भाऊ?"

आणि मी सांगायचो. बूट बांधताना तो शिट्टी मारायचा. पार्सल ज्या कागदात गुंडाळून यायचं तो वर्तमानपत्राचा तुकडा तो पुरता वाचायचा, नोकरीच्या जाहिरातीसकट. स्वतःची वळकटी दुसऱ्याला गुंडाळू द्यायचा नाही. अननसाचं सांगितलं तेव्हा तिने धाकट्या मुलाकरवी डबा आणवला, एक चकती खाल्ली आणि म्हणाली, "गोड शे." शौर्याचं तिने मला एकदाही विचारलं नाही.

पण माणसाजवळ दुसऱ्या माणसाचं असं असतं किती? आम्ही दोन हिवाळे एकत्र काढले, त्यातले निम्मे दिवस तोंड बांधून. माझा साठा संपत आला. मग मी शिंदेला फोन केला, साळवी साहेबांना केला, रोमिओ पार्टीतल्या पोरांना केला. म्हटलं, भटूचं काहीही सांगा, बारीकसारीक. त्यांनी सांगितलं, आणि त्यावर दोन-तीन अखाजी निघाल्या. बायको म्हणाली, रचून सांगा काहीतरी, म्हातारीला काय कळतंय. मी एका वर्षी सांगितलं की त्याला गुलाब लावायची आवड होती. अक्का ताडकन म्हणाली, "हाऊ मना भटू नही." पुन्हा त्या वाटेला गेलो नाही.

यंदा माझ्याजवळ काहीच उरलं नव्हतं. होती ती एकच गोष्ट, आणि ती न सांगण्याचा शब्द दिलेला. अमळनेरच्या स्टँडवर मी एस.टी.तून उतरून परत फिरायच्या विचारात होतो. आजारी आहे म्हणून फोन केला असता तर चाललं असतं. पण ती ओट्यावर वाट बघत बसलेली असणार, हे मला माहीत होतं. मग बसलो पुढच्या गाडीत.

घरात ती एकटीच होती. धाकटा मुलगा पारावर पत्ते खेळायला गेलेला. अखाजीला पत्ते खेळायला कुणी बोलत नाही. घागर भरून झालेली. समोर भटूच्या नावाच्या ताटात पोळी, भजी, कुरडई. तिने रसाची वाटी ठेवली आणि लगेच दुसरी भरली. दर वर्षी भरते. दर वर्षी म्हणते तेच म्हणाली, "त्याले एक वाटी पुरे नही." मी खाली बघितलं. मग तिने पदराला हात पुसले आणि माझ्यासमोर बसली.

"आज काय नवं सांगस, भाऊ?"

"अक्का, एकच उरलंय. ते सांगू नको म्हणाला होता."

"मंग सांग."

"त्याला रस आवडायचा नाही."

मी सगळं सांगितलं. हेलिपॅड, फावडं, श्वास रोखून वाटी रिकामी करणं, तिला वाटायचं ते, आणि दुसरी वाटी. शब्द मोडला होता आणि सांगण्यासारखं काही शिल्लकही राहिलं नव्हतं.

"दुसरी बी?" तिने विचारलं.

"दुसरी तर जास्तच."

तिने पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडतेय. खांदे हलत होते. पदर काढला तेव्हा डोळ्यांत पाणी होतं, पण ती हसत होती. "लबाड," ती म्हणाली. "पुरा लबाड."

"अक्का, आता माझ्याजवळ काही नाही," मी म्हणालो. "हे शेवटचं."

"मंग आते मी सांगस. तू आयक." आणि तिने सांगायला सुरुवात केली. चार वर्षांचा असताना भटू कोंबडी डालून ठेवलेल्या टोपलीखाली स्वतः जाऊन बसला होता आणि सगळं गाव त्याला शोधत होतं. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. तिच्याजवळ पंचवीस वर्षांचं होतं. मी मांडी घालून ऐकत बसलो. आजवर मी तिला देत होतो; त्या दिवशी पहिल्यांदा मला माझा भटू परत थोडा मिळाला, आणि मी रडलो.

उठताना मी ताटातली दुसरी वाटी उचलली. म्हटलं, आता हिची गरज नाही, निदान एवढ्यातून त्याची सुटका करावी. अक्काने माझं मनगट धरलं.

"ठेव ती."

"अक्का, त्याला आवडत नाही."

"मायकरताच पिये ना तो?" ती म्हणाली. "मंग आज बी पी लेई."

मी वाटी जागेवर ठेवली.