राग नाही आला जी

"राग नाही आला जी मला," असं ते म्हणाले की समोरचा माणूस दोन पावलं मागे सरकायचा. कारण हे वाक्य तोंडातून बाहेर पडेपर्यंत त्यांचा चेहरा गळ्यापासून टकलापर्यंत लालबुंद झालेला असे आणि कानांच्या पाळ्या तर विचारूच नका. एवढ्या लाल चेहऱ्याचा माणूस अगदी हळू आवाजात आपल्याला राग आला नसल्याचं सांगतो, तेव्हा ऐकणाऱ्याला वाटतं, आता पुढची पायरी म्हणजे हातघाईच. तुम्हीही सरकला असतात. मी सरकलो होतो.

त्यांचं नाव सांगत नाही. इथे छापलेलं दिसलं तर असतील तिथे लाल होतील. आणि तसंही आमच्या धायरीच्या सोसायटीत माणसाला नाव नसतं, फ्लॅट नंबर असतो. ते सातशे तीन. मी पाचशे एक, शिवाय सोसायटीचा सेक्रेटरी. बुधवार पेठेतलं वायरी-स्विचचं दुकान धाकट्या भावाच्या गळ्यात घालून मी इथे शांतपणे राहायला आलो होतो. शांतपणा मिळाला नाही, सेक्रेटरीपद मिळालं.

सातशे तीन मूळचे वर्ध्याकडचे. इथल्या एका कारखान्यात तपासनीस होते, म्हणजे तयार झालेले नटबोल्ट मोजमापात बसतात की नाही ते बघायचं. "नटबोल्ट बरे जी," ते म्हणायचे, "आपण त्यांच्याकडे पाहतो, ते आपल्याकडे पाहत नाहीत." त्यांचं सगळं दुखणं या एका वाक्यात होतं. कोणी त्यांच्याकडे बघितलं की ते लाल व्हायचे. नमस्कार केला, वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या, वेळ विचारली, तरी लाल. लाल झालो हे कळलं की आणखी लाल. मग उजव्या हाताची मागची बाजू हळूच गालाला लावून बघायचे, आई तापलेल्या पोराला लावून बघते तशी, आणि जवळच्या माणसाला विचारायचे, "चढलं का जी?"

चढलेलंच असायचं.

यावर आमच्या सोसायटीने उपाय सुचवले नाहीत असं नाही. पुण्यात फुकट मिळणारी एकमेव गोष्ट म्हणजे सल्ला. कोणी गुलकंद सांगितला, कोणी कोकमाचं सरबत. एका आजोबांनी ठेचा बंद करायला सांगितलं. वऱ्हाडी माणसाला ठेचा बंद कर म्हणणं म्हणजे श्वास बंद कर म्हणण्यासारखंच आहे, तरी बिचाऱ्यांनी महिनाभर केला. शेजारच्या सातशे दोनमधल्या आयटीवाल्या मुलीने "काका, जस्ट ट्राय करा, एकदम नॅचरल दिसतं," म्हणून कसलंसं हिरवट क्रीम त्यांच्या गालांना फासलं. हिरव्यामुळे लाल दबतं म्हणे. ते तसेच वार्षिक सभेला आले, अर्ध्या सभेत वीज गेली, पंखे थांबले, आणि घामाने ते क्रीम ओघळायला लागलं. सभा तहकूब करावी लागली. कोरम होता, पण कोणी गंभीर राहू शकत नव्हतं.

भाजी आणायला ते धायरीहून थेट मंडईत जात, बसने. कोपऱ्यावर भाजीवाली असताना! मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "इथली बाई रोज विचारते जी, काय काका, आज कोणावर भडकला? मंडईत सगळे मेथीकडे पाहतात." मी हसलो. एका जुडीसाठी तासभर बसमध्ये उभा राहणारा माणूस काय भोगत असेल, हा विचार तेव्हा माझ्या डोक्यात आला नाही. माझ्या डोक्यात तेव्हा लिफ्ट होती.

ती लिफ्ट आठवड्यातून चार दिवस बंद. दुरुस्तीवाला यायचा, दार उघडून आत बॅटरी मारायचा आणि म्हणायचा, "पार्ट येतोय." तीन महिने पार्ट येत होता. एके दिवशी मी त्याच्याशी भांडत असताना सातशे तीन मेथी घेऊन जिन्यापाशी आले. मी म्हटलं, "हे बघा, हे सातव्या मजल्यावर राहतात. यांनाच सांगा तुमचा पार्ट कुठे आलाय ते." दुरुस्तीवाल्याने त्यांच्याकडे बघितलं. व्हायचं ते झालं. गळा, हनुवटी, गाल, कपाळ, सगळं रीतसर चढत गेलं. दुरुस्तीवाला बघतच राहिला, त्यामुळे आणखी चढलं. मग ते खालमानेने म्हणाले, "राग नाही आला जी मला."

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता पार्ट आला.

आता तुम्हीच सांगा, तुमच्या हाती असं अस्त्र लागलं असतं तर तुम्ही काय केलं असतं? मी ते वापरलं. टँकरवाला अर्धा टँकर ओतून पळायचा, त्याच्यासमोर सातशे तीनना उभं केलं. टाकी काठोकाठ. वॉर्ड ऑफिसात खड्ड्यांचा अर्ज घेऊन गेलो, तर साहेबांच्या पुढच्या खुर्चीत त्यांना बसवलं. माझी पद्धतही ठरून गेली होती. आधी बोलणं मी करायचं, आणि काम अडलं की म्हणायचं, "हे आमचे सातशे तीन. जरा यांच्याकडे बघून सांगा." बस. पुढचं त्यांचा चेहरा बघून घ्यायचा. ते कधी नाही म्हणाले नाहीत. मी बेल वाजवली की चप्पल घालता घालता विचारायचे, "आज कोणाकडे जायचं जी?"

माझी बायको म्हणाली, "तुम्ही त्या माणसाचं बुजगावणं केलंय." मी म्हटलं, "बुजगावण्याचा पिकाला फायदाच होतो." त्या वेळी ते उत्तर मला फार हुशारीचं वाटलं होतं.

त्यांना एकच मुलगी. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, स्वयंपाकापासून वेणीफणीपर्यंत सगळं यांनीच केलेलं. मुलीने कंपनीतला एक मुलगा पसंत केला, नारायण पेठेतला. मुलाचे आईवडील रीतसर घरी आले. पोहे झाले, चहा झाला, आणि मुलाचे वडील म्हणाले, "मुलगी आम्हाला पसंत आहे." आता आयुष्यात या माणसाला याहून मोठा आनंद कुठला व्हायचा होता? तो सगळा आनंद चेहऱ्यावर आला. येताना लाल होऊन आला. मुलाचे वडील चपापून म्हणाले, "आपली काही हरकत आहे का?" हे म्हणाले, "राग नाही आला जी मला."

पाहुणे चहा अर्धा ठेवून गेले. मुलीच्या वडिलांच्या मनात नाही, असा निरोप आला आणि बोलणं थंडावलं. मुलीने वडिलांना एका शब्दाने दोष दिला नाही. त्यांना तेच सहन होत नव्हतं. "रागावली असती तर बरं झालं असतं जी," मला म्हणाले.

पोरं हटली नाहीत, म्हणून महिन्याभराने नारायण पेठेत पुन्हा भेट ठरली. रविवारी संध्याकाळी पाच. मधल्या काळात हे एकटेच कातडीच्या डॉक्टरकडे जाऊन आले. इतकी वर्षं का गेला नाहीत विचारलं, तर म्हणे डॉक्टर चेहऱ्याकडे बघणार म्हणून. डॉक्टरांनी रोज लावायला मलम दिलं आणि चार लोकांत जाण्याआधी घ्यायला एक लहानशी गोळी. पूर्ण थांबणार नाही, पण पुष्कळ आवरेल. एकदा घरी घेऊन बघितली, मुलीला समोर बसवून टक लावून बघायला सांगितलं, तर खरंच बेताचंच चढलं. चिठ्ठी दाखवायला ते माझ्याकडे आले तेव्हा इतके खूश होते की माझ्या नजरेला नजर देऊन बोलले. लाल झाले, पण बोलले.

आणि त्याच रविवारी सकाळी अकराला आमच्या बिल्डरने आम्हाला बोलावलं होतं. नळजोडाच्या कागदांवर तो दोन वर्षं सही करत नव्हता आणि आम्ही दोन वर्षं टँकरच्या पाण्याने आंघोळ करत होतो. मी त्यांना काय म्हणालो ते लिहायची मला लाज वाटते, पण लिहितो. मी म्हणालो, "सकाळी गोळी घेऊ नका. बिल्डरचं आटपलं की घ्या. संध्याकाळपर्यंत वेळ आहे की."

त्यांनी चिठ्ठीची घडी घालून खिशात ठेवली. मग म्हणाले, "बरं जी."

बिल्डरच्या केबिनमध्ये एसी होता, त्यामुळे आधी मला धास्ती पडली होती की चढतंय की नाही. चढलं. असं चढलं की बिल्डरने शिपायाला पाणी आणायला सांगितलं आणि आमच्यादेखत सही केली. परत येताना मी रिक्षात एकटाच बडबडत होतो. ते हाताची मागची बाजू गालाला लावून बसले होते. दोन वाजता त्यांनी गोळी घेतली. चार वाजले तरी चेहरा तसाच. तेव्हा मला कळलं की ती गोळी चढायच्या आधी घ्यायची असते, चढून बसल्यावर तिचा उपयोग नसतो. डॉक्टरांनी तसं स्पष्ट सांगितलं होतं. मला ते माहीत नव्हतं. त्यांना माहीत होतं.

"मग मला सांगितलं काहून नाही?" मी त्यांच्याच भाषेत ओरडलो.

"तुम्ही पाण्यासाठी म्हणत होते जी," ते म्हणाले. "सगळ्यांचं पाणी होतं."

माझ्या बायकोने माझ्यापुढे इस्त्रीचा शर्ट टाकला आणि म्हणाली, "आता तुम्ही जायचं बरोबर. तोंड घेऊन जा, नेहमी चालवता तसं."

नारायण पेठेत दार उघडल्या उघडल्या मुलाच्या वडिलांनी यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. "या. आज कशाबद्दल?"

"राग नाही आला जी मला."

"मागच्या वेळीही आला नव्हता," मुलाचे वडील म्हणाले.

पेठेतला टोमणा मला नवा नाही. त्याच पाण्यावर वाढलोय, एरवी परतही केला असता. पण मुलगी मान खाली घालून ओढणीचं टोक गुंडाळत बसली होती. मी उभा राहिलो आणि सगळं सांगून टाकलं. लिफ्ट, टँकर, वॉर्ड ऑफिस, आजची सकाळ, गोळी. हा माणूस लाजरा आहे, रागीट नाही, आणि मी याच्या लाजेवर तीन वर्षं सोसायटी चालवली, हेही सांगितलं. बोलता बोलता माझे कान तापले. चौघंजण माझ्याकडे बघत होते आणि कुठे बघावं हे मला कळेना. आयुष्यात पहिल्यांदा मला समजलं की त्या चेहऱ्याच्या आत राहणं म्हणजे काय असतं.

तेवढ्यात माझ्या गालाला काहीतरी लागलं. सातशे तीन खुर्चीतून उठून आले होते आणि त्यांनी हाताची मागची बाजू माझ्या गालाला लावली होती. "चढलं जी तुम्हाला," ते अगदी काळजीने म्हणाले.

मुलगी आधी हसली आणि मग रडली. मुलाच्या वडिलांनी चष्मा काढून पुसला. "अहो, मग एवढं मागच्याच वेळी सांगायला काय झालं होतं?"

"कोणी विचारलं नाही जी," हे म्हणाले. "सगळ्यांनी नुसतं पाहिलं."

त्यावर मुलाच्या वडिलांनी जे केलं त्यासाठी मी नारायण पेठेला शंभर टोमणे माफ करायला तयार आहे. त्यांनी पोह्यांची बशी पुढे ओढली आणि पुढचा अर्धा तास, लग्न कुठे, कोणी काय करायचं, कोणाला बोलवायचं, हे सगळं ते पोह्यांकडे बघून बोलले. एकदाही मान वर केली नाही. सहाच्या सुमाराला मी सहज बाजूला बघितलं तर आमच्या सातशे तीनच्या चेहऱ्यावरचं लाल उतरलं होतं. मूळचा रंग मी तेव्हा नीट पाहिला. साधा गव्हाळ होता.

लग्नानंतर मुलगी बंगळुरात गेली. निवृत्त झाल्यावर हेही फ्लॅट विकून वर्ध्याला परतले. आता ते फोन करतात. फोनवर माणूस वेगळाच, तासतास बोलतो, चक्क माझी टिंगल करतो. व्हिडिओ कॉल मात्र कधी नाही. मी लावला तर कापायचे आणि साधा लावायचे. मला त्यांची आठवण येते, आणि ती कामं अडली म्हणून येत नाही, हे माझ्या बायकोलाही आता पटलंय.

मागच्या महिन्यात लिफ्ट पुन्हा बंद पडली. तोच दुरुस्तीवाला दार उघडून बॅटरी मारत होता. "पार्ट येतोय," तो म्हणाला. तेवढ्यात माझा फोन वाजला. सातशे तीन, आणि व्हिडिओ कॉल! मी घाईघाईने चष्मा लावला. पडद्यावर दुपट्यात गुंडाळलेली एक इवलीशी नात होती. भोवती सगळे वाकून तिच्याकडे बघत होते आणि ती टोमॅटोसारखी लाल झाली होती. मागून आवाज आला, "राग नाही आला जी हिला." मग कॅमेरा वळला आणि ते स्वतः दिसले. लाल. पण हात गालाला गेला नाही. तसेच माझ्याकडे बघत राहिले, हसत.

दुरुस्तीवाल्याने मान बाहेर काढली. "ते सातव्या मजल्यावरचे साहेब आहेत का अजून?" त्याने जरा जपूनच विचारलं. फोन माझ्या हातात होता. नुसता त्याच्याकडे वळवायचा, एवढंच काम होतं.

मी फोन छातीशी धरला. "ते गेले वर्ध्याला," मी म्हटलं, आणि नातीचं नाव काय ठेवलं ते विचारत जिन्याने वर चढायला लागलो.

पार्ट अजून यायचाय.