रामराव अण्णांच्या हलक्या भिंती

कारखान्यात भिंतीचं नवं पॅनेल तयार झालं की रामराव अण्णा ते दोन विटांवर आडवं ठेवत, चपला काढत आणि स्वतः वर उभे राहत. दाब मोजायचं यंत्र शेजारीच असे. "यंत्राला घरात राहायचं नसतं," ते म्हणत. "राहणार माणसं. आधी माणूस उभा राहू दे."

साठ सालाच्या आसपासची ही गोष्ट. देवनहळ्ळीच्या रस्त्यावर आमचा कारखाना होता. सिमेंटच्या पातळ मिश्रणात फेस कालवून तिथे हलकी पॅनेल ओतत. अण्णा तपासणी विभागाचे प्रमुख, पिढ्यान्‌पिढ्या बंगळुरात राहिलेल्या मराठी घरातले. मी निपाणीची, नुकतीच बी.एस्सी. झालेली. कारखान्यात मुलगी नको, असं मालक म्हणाले तेव्हा अण्णांनीच त्यांची समजूत घातली. माझ्या वडिलांना म्हणाले, "शालूला मी लेकीसारखी सांभाळीन."

सांभाळलंही. दुपारी त्यांच्या घरून दोघांचा डबा येई. फेस जास्त झाला की पॅनेल हलकं होतं आणि दुबळंही, हे त्यांनी मला मोडलेले तुकडे हातात देऊन शिकवलं. मी घाई केली तर म्हणत, "स्वल्प थांब गं. सिमेंट आपल्या सवडीनं घट्ट होतं."

मग गिरणी कामगारांच्या वसाहतीचं काम आलं. सिमेंटची टंचाई होती, म्हणून मालकांनी फेस वाढवायला लावला. ती पॅनेल यंत्राखाली बिस्किटासारखी मोडली.

"अण्णा, ही पाठवायची नाहीत ना?" मी विचारलं.

"मी बोलतो मालकांशी. तू काळजी करू नको."

मी केली नाही. पॅनेल गेली. घरं उभी राहून वर्षही झालं नव्हतं, तेव्हा एक भिंत आत कोसळली आणि चुलीपुढे बसलेली बाई पायानं कायमची अधू झाली.

चौकशीला सरकारी इंजिनिअर आले. अण्णा माझ्या शेजारच्याच खुर्चीत होते. ते शांतपणे म्हणाले, "मिश्रण ह्या बाई बघायच्या. मी विश्वासानं सोपवलं होतं."

"अण्णा, मी तुम्हाला विचारलं होतं," मी म्हणाले.

"मला तसं आठवत नाही." ते चष्मा पुसत होते.

माझी नोकरी गेली. गावात वडिलांनी कुणाला काही सांगितलं नाही. मलाही काही विचारलं नाही, आणि तेच जास्त लागलं. पुढे मी बंगळुरातच एका शाळेत शिकवू लागले.

काही वर्षांनी अण्णांच्या पत्नी, अक्का, शाळेत आल्या. "अंथरुणाला खिळलेत. तुझं नाव घेतात. एकदा येऊन जा."

मी गेले. अण्णा फार वाळले होते.

"हल्ली कुठं असतेस?"

"शाळेत शिकवते."

"पॅनेलचं काम सोडलंस? हात चांगला होता तुझा."

"मला कोण ठेवणार होतं, अण्णा?"

त्यांनी मान दाराकडे वळवली. मग अक्कांना म्हणाले, "शालूला कॉफी दे."

मी कॉफी प्यायले. अजून काही बोलतील म्हणून थोडी बसले. त्यांना झोप लागली.

दारापर्यंत आलेल्या अक्कांनी हळूच विचारलं, "बोलले का गं? माफी माग तिची, म्हणून मी इतकी वर्षं सांगत आलेय त्यांना."

म्हणजे अक्कांनाही तेव्हापासून ठाऊक होतं.

"बोलले," मी म्हणाले आणि पायऱ्या उतरले.