ओहोटीपर्यंत चाललेली सभा

परवा आमच्या इगर्जीत, म्हणजे चर्चमध्ये, लॅटिनऐवजी मराठीत मिस्सा, म्हणजे उपासना, झाली. रोमला बिशपांची मोठी परिषद भरली होती, तिथे म्हणे ठरलं की ख्रिस्तसभा म्हणजे दगडचुन्याची इमारत नव्हे आणि पाद्री-बिशपांची उतरंडही नव्हे. ती म्हणजे देवाची माणसं, एकमेकांचं ओझं उचलत चाललेली. नवे फादर हे वाचत होते आणि पहिल्या बाकावरची ज्येष्ठ मंडळी माना डोलावत होती. मला हसू आवरेना, म्हणून मी बाहेर येऊन उभा राहिलो. या माना काय वजनाच्या आहेत ते मी पाहिलेलं आहे, आणि ते लिहूनच ठेवायला हवं.

ही मंडळी म्हणजे आमच्या इगर्जीचं बंधुमंडळ. काम काय? सणाला मिरवणुकीत चालायचं आणि कोणी गेलं तर त्याला खांदा द्यायचा. अंगावर तांबड्या रेशमाचा झगा, त्याला आम्ही ओपा म्हणतो. मयत ज्या वाटेने सिमितेरीत, म्हणजे दफनभूमीत न्यायची, तिच्या दोन्ही बाजूंना बंधू रांगेने उभे राहणार, मधून चौघे खांदेकरी चालणार, वर घंटा वाजणार. फार सुंदर दिसतं. पण 'बंधू' हा शब्द खाडीच्या अलीकडेच थांबतो. खाडीपलीकडे, वाळूच्या पट्टीवर राहणारे मासेमार त्याच पाण्याने बाप्तिस्मा घेतात, तोच क्रूस गळ्यात घालतात. पण त्यांना मंडळात जागा नाही, आणि म्हणून मेल्यावर ना ओपा, ना खांदा, ना घंटा. त्यांची मयत होडीतून यायची आणि मागच्या फाटकाने गुपचूप जायची. कोणी विचारलं तर उत्तर ठरलेलं: पूर्वीपासून असंच आहे.

गोवा अजून पोर्तुगीजांकडे होता आणि सरहद्द बंद होती, त्या दिवसांतली गोष्ट. मी नुकताच मुंबईहून शिक्षण अर्धवट टाकून आलो होतो आणि सायकलवर चळवळीची पत्रकं घेऊन गावोगाव फिरत होतो. पट्टीवरचा एक तांडेल, होडीचा म्होरक्या, तापाने गेला. सकाळच्या भरतीला त्याची बायको मयत घेऊन होडीतून इगर्जीसमोरच्या उतरणीला आली. होडीत तिचे दोन दीर आणि शेजारचे तिघे-चौघे होते. लाकडी पेटी फळ्यांवर ठेवलेली. म्हातारे पाद्री खाली आले, तेव्हा ती होडीतूनच म्हणाली, "पाद्रीबाबा, मागच्या फाटकान न्हेवक देवचंय नाय. घंटा होयी आणि खांदो होयो. नायतर हंयसरच बसतलंय."

पाद्री मऊ माणूस. ते म्हणाले, विचारतो. खांदा द्यायचा की नाही हे पाद्रीच्या हातात नव्हतं, ही आमच्या इगर्जीची तऱ्हा.

आणि मग वेदीमागच्या खोलीत बंधुमंडळाची सभा बसली. माझे वडील त्यात होते. मी दाराच्या चौकटीत उभा राहिलो, कोणी हाकललं तरी हललो नाही.

एक म्हणाला, आज ह्याका दिलो तर उद्या सगळी पट्टी मागतली. दुसऱ्याला रेशमाची काळजी. "माशाचो वास धुवन जाणा नाय रे!" तिसऱ्याने विचारलं की मयताने ईस्टरला पाद्रीपुढे पापांची कबुली दिली होती का, याची चौकशी आधी करूया. वडील काहीतरी शहाणपणाचं बोलतील असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, "देवाच्या दारात सगळे सारखे. पण दाराभायर शिस्त नको?"

मी म्हणालो, "मग ही इगर्ज कुणासाठी बांधली? तुमच्या झग्यांना टांगायला खुंटी पाहिजे म्हणून?"

अध्यक्षांनी माझ्याकडे न बघता सांगितलं, "तू तुझी पत्रकां वाट. हंयसर नियम आसत."

नियम! या नियमवाल्यांचे ओपे विटले होते आणि फेस्त, म्हणजे इगर्जीचा वार्षिक सण, तोंडावर आला होता. सरहद्द बंद, गोव्याचं रेशीम येणार कुठून? लोक साध्या साखरेसाठी आरोंद्याच्या खाडीतून जीव मुठीत धरून ये-जा करत होते. तेव्हा यांनी याच तांडेलाला गाठलं होतं. त्याने जाळ्यांखाली दडवून ते तांबडं कापड आणलं. सभेत हे सगळ्यांना माहीत होतं. एकानेही तोंडातून काढलं नाही.

सभा लांबत गेली आणि इकडे ओहोटी लागली. समुद्रकाठच्या माणसांनी ओहोटी विसरावी, याला काय म्हणायचं? पण ही माणसं घड्याळाकडे, नियमाकडे, एकमेकांच्या तोंडाकडे बघत होती; खिडकीबाहेर कोणी बघितलं नाही. पाणी उतरेल तशी दीर वल्ह्याने होडी मागे मागे नेत होते, ती रुतू नये म्हणून. त्यांची होडी मागे सरकत होती आणि मधे काळा चिखल उघडा पडत होता.

शेवटी निर्णय झाला. अपवाद म्हणून खांदा द्यावा. घंटा हळू वाजवावी. हा दाखला पुढे कोणी धरू नये. मंडळी ओपे चढवून थाटात उतरणीवर आली आणि थबकली. होडी लांब पाण्यात, मधे गुडघाभर चिखल.

होडीतून एक दीर ओरडला, "अध्यक्षानूं, तुमची सभा सरली, आमची खाडी पण सरली!"

अध्यक्ष म्हणाले, "होडी हंय हाडा. मगे आमी उचलतंव."

"होडी काय चिखलातसून चालत येतली?" बायको उभी राहिली. "खांदो दितास मां? मगे उतरा."

कोणी उतरलं नाही. प्रत्येकजण ओप्याची खालची कड वर धरून उभा होता, जणू चिखलच चालून येणार होता. वडिलांनी चपला काढल्या आणि पुन्हा घातल्या.

तेव्हा ती म्हणाली, "तुमचां तांबडां कापड हाडूक तेची होडी चलली. तेका उचलूक तुमचो खांदो चलणा नाय. ऱ्हवांदे. आमचो माणूस आमी न्हेतंव."

पेटीखाली दोन वल्ही घालून चौघे चिखलात उतरले. मीही गेलो, उतरायला काही लागत नाही, पाय लागतात. आणि पाद्री उतरले, हे लिहिलंच पाहिजे, कारण बाकी लिहिण्यासारखं त्या काठावर काही नव्हतं. पांढरा झगा कमरेला खोचून ते म्हातारं माणूस रुतत, हातातलं पुस्तक उंच धरून होडीपर्यंत पोचलं आणि तिथेच प्रार्थना सुरू केली. त्या वेळी इगर्ज कुठे होती, असं मला कोणी विचारलं तर मी बोट कुठे दाखवीन ते सांगायला रोमची परिषद कशाला हवी?

आम्ही काठावर आलो तोवर बंधुमंडळाने आपली चूक आपल्या पद्धतीने दुरुस्त केली होती. सिमितेरीपर्यंत दोन तांबड्या रांगा उभ्या होत्या, मान खाली, हात जोडलेले. घंटाही सुरू झाली. हळू नव्हे, चांगली जोरात. वाट मोकळी होती, सपाट होती, आणि खांदेकऱ्यांचे पाय चिखलाने जड झाले होते.

तिने त्या वाटेकडे बघितलं. क्षणभर मला वाटलं ती मानणार. सकाळपासून हेच तर मागत होती. मग ती डावीकडे वळली आणि भाताच्या शेतातल्या अरुंद बांधावर चढली. खांदेकरी तिच्यामागून, पाद्री त्यांच्यामागून, आम्ही सगळे एकामागे एक. मागचं फाटक टाळून तिने सिमितेरीच्या कुंपणाचा शेताच्या अंगाचा पडका गडगा निवडला. दगड बाजूला सारून पेटी आत घेतली.

मी मागे वळून पाहिलं. दोन्ही रांगा तशाच उभ्या होत्या, डोकी झुकवून, आणि मधल्या वाटेवर कोणीच नव्हतं.